पेपरमिंटची चॉकलेट बिस्किटं, तीन ऋतूंत

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत होतो तेव्हा लेक गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेच्या ब्राउनी गटात जायची. जानेवारी ते एप्रिल हा तिकडे बिस्किटं विकण्याचा हंगाम. मुली ओळखीच्या घरी जाऊन मागण्या नोंदवतात. शनिवार-रविवारी किराणा दुकानाच्या दाराशी टेबल मांडून उभ्या राहतात. त्या पैशांतून गटाच्या सहली आणि शिबिरं होतात. प्रथा जुनी आहे. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात ही संघटना सुरू केली. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या मुलींनी शाळेच्या उपाहारगृहात घरी भाजलेली बिस्किटं विकली, ती बिस्किटविक्रीची पहिली नोंद. आता बिस्किटं परवानाधारक बेकऱ्या बनवतात.

त्यातलं सगळ्यांत खपणारं बिस्किट म्हणजे थिन मिंट. कोकोचं पातळ कुरकुरीत बिस्किट, वरून चॉकलेटचा लेप आणि पेपरमिंटचा थंडावा. तिकडे बरेच लोक खोकं आणलं की सरळ फ्रीझरमध्ये टाकतात आणि गारच खातात. आमच्याकडेही तेच चालायचं. त्यात अंडं आणि दूध नसतं, म्हणून सासूबाई आल्या की त्यांनाही देता यायचं.

मग आम्ही पुण्याला परत आलो. लेकीची शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या. सामानातून आणलेलं शेवटचं खोकं मे महिन्यात संपलं. ती फारशी बोलत नव्हती, पण एकदा म्हणाली, "आई, आपण घरी करू शकतो का गं?" तेवढ्यावरून मी कामाला लागले. खरं सांगायचं तर तिला दुसरं काय देता येईल ते मला सुचत नव्हतं.

आधी बिस्किटाबद्दल सांगते, कारण ते त्यामानाने लवकर जमलं.

अमेरिकन कृतीत लोणी 'स्टिक'मध्ये सांगतात. एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. भट्टीचं तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. ३५० लिहिलेलं असेल तर आपल्या ओटीजीवर साधारण १७५ सेल्सिअस धरायचं. मैदा आणि कोको कपाने मोजतात, आणि कप दाबून भरला की सैल भरला यावर वजन बरंच बदलतं. म्हणून मी सगळं ग्रॅममध्ये उतरवून घेतलं आणि छोटा वजनकाटा वापरला. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आधी तो घ्यावा.

माझं प्रमाण असं बसलं : मैदा १५० ग्रॅम, कोको ५० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, थोडा व्हॅनिला इसेन्स आणि गोळा जमेल इतकंच दूध, म्हणजे एक ते दोन चमचे. दुकानातलं पिवळं लोणी खारं असतं, तेव्हा मीठ वेगळं घालायची गरज नाही. बिनमिठाचं असेल तर चिमूटभर घाला. कोको गडद रंगाचा, अल्कलीची प्रक्रिया केलेला मिळाला तर तो घ्या. त्याचा आंबट-कडूपणा कमी असतो आणि रंग थेट त्या बिस्किटासारखा येतो.

सासूबाईंनी सुचवलं, "नानकटाईसारखं साजूक तूप घालून बघ." तेही केलं. चव फारच छान आली. पण बिस्किट इतकं भुसभुशीत झालं की चॉकलेटमध्ये बुडवलं की तुटायचं आणि तुकडे भांड्यात राहायचे. तुपात पाणी नसतं, त्यामुळे मैदा बांधला जात नाही. लोण्यात थोडं पाणी असतं, ते इथे उपयोगी पडतं. तुपाची बिस्किटं आम्ही चहाबरोबर संपवली आणि लेपासाठी लोण्याचीच करायची ठरवलं.

मे महिन्यात पुण्याच्या स्वयंपाकघरात हा गोळा लाटणं कठीण होतं. पोळपाटाला चिकटतो, लाटण्याला चिकटतो. वरून मैदा भुरभुरला तर बिस्किटावर पांढरे डाग राहतात. उपाय सोपा आहे. गोळा दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवायचा, चार मिलिमीटर जाडीचा लाटायचा आणि कागदासकट अर्धा तास फ्रीजमध्ये आडवा ठेवायचा. मग साडेचार सेंटीमीटरच्या गोल साच्याने कापायचा. घट्ट असताना कडा स्वच्छ सुटतात. एवढ्या पिठात पन्नासेक बिस्किटं होतात.

भाजताना अडचण अशी की पीठ आधीच काळसर असतं. लाल झालं की काढा, असं इथे म्हणता येत नाही. १७० ते १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं लागतात. कडा घट्ट लागल्या आणि घरात कोकोचा वास दरवळला की काढायची. गरम असताना मधे मऊ लागतात, गार झाली की कडक होतात. दुसऱ्या ताटलीला ओव्हन जास्त तापलेला असतो, तिच्याकडे एक-दोन मिनिटं आधी बघायला लागा. एक ताटली मी मऊ वाटली म्हणून पुन्हा आत ठेवली होती, ती कडू झाली. जळलेल्या कोकोचा कडवटपणा चॉकलेटखालीही लपत नाही.

आता पेपरमिंट. लेकीला वाटलं, कुंडीतला पुदिना चालेल. आपला चटणीचा पुदिना म्हणजे स्पिअरमिंट. त्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा. जिभेला गार लागतं ते मेंथॉलमुळे, आणि ते पेपरमिंटमध्ये भरपूर असतं. मेंथॉल जिभेचं तापमान उतरवत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते जागं करतं, म्हणून गार वाटतं. कुंडीतल्या पुदिन्याचा अर्क घातला असता तर चटणीचा वास आला असता, थंडावा आला नसता.

मग जवळच्या दुकानातून पेपरमिंट इसेन्सची बाटली आणली. चॉकलेट वाफेवर छान वितळलं होतं, पातळ आणि चकचकीत. त्यात एक चमचा इसेन्स घातला आणि ढवळता ढवळता सगळं आवळून आलं. दाणेदार, घट्ट, मातीसारखा गोळा झाला. लेक शेजारी उभी होती. तिने विचारलं, "संपलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

झालं होतं ते असं. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अगदी बारीक कण. त्यात चमचाभर पाणी गेलं की साखर ते शोषते, कण चिकट होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं आवळतं. दुकानातले बरेच इसेन्स पाण्यात मिसळलेले असतात. ओला चमचा, ओलं पातेलं, वाफेचा थेंब, कशानेही हेच होतं.

असं झालं तर टाकून देऊ नका. त्यात थोडं थोडं कडकडीत दूध घालून ढवळत राहा. पाणी पुरेसं झालं की ते पुन्हा सैल होतं. लेपासाठी ते चालत नाही, पण दुधात घालायला किंवा केकवर ओतायला उत्तम सॉस तयार होतो. आमच्याकडे आठवडाभर सगळे पेपरमिंटचं चॉकलेट दूध प्यायले.

चॉकलेटमध्ये घालायला तेलात विरघळणारा स्वादच हवा. बाटलीवर खाण्याचं पेपरमिंट तेल असं स्पष्ट लिहिलेलं असावं. वास घेण्यासाठी किंवा अंगाला लावण्यासाठी विकतात ते तेल वापरू नका. रविवार पेठेत केकचं सामान मिळणाऱ्या दुकानात मला बरोबर बाटली मिळाली. हे तेल फार तीव्र असतं. ४०० ग्रॅम चॉकलेटला आठ थेंबांपासून सुरुवात करा, ढवळा, चाखा, मग लागलं तर एकेक थेंब वाढवा. बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. थेट जिभेवर थेंब घेऊन चव बघू नका, भाजल्यासारखं होतं.

इथपर्यंत बिस्किट जमलं होतं, थंडावा जमला होता. लेप मात्र जमत नव्हता. ज्यांना हा पदार्थ करायचा आहे त्यांनी सगळं लक्ष इथे द्यावं, कारण खरी मेहनत लेपाचीच आहे.

मी चांगलं डार्क चॉकलेट आणलं होतं, खऱ्या कोको बटरचं. वितळवलं, बिस्किटं बुडवली, बटर पेपरवर मांडली. तास झाला तरी ती ओलीच. बोट लावलं की ठसा उमटे. घरात पारा तेहतिसाच्या आसपास होता. शेवटी ताटली फ्रीजमध्ये ठेवली. घट्ट झाली, बाहेर काढली, तर वर आधी दव जमलं आणि दुसऱ्या दिवशी पांढरट पट्टे उठले. खाताना कडक आवाज येईना. लेकीने एक खाल्लं आणि म्हणाली, "चव बरोबर आहे, पण ते हे नाही." ती माझं मन राखायला पहिलं वाक्य बोलली, हे मला कळत होतं.

मग ताटली घेऊन आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडे गेले. त्या घरून केकच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी ताटलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, मे महिन्यात एसीशिवाय खरं चॉकलेट धरतच नाही. उन्हाळ्यात कंपाउंड घे."

त्यांनी समजावलं ते असं. कोको बटर वेगवेगळ्या सहा प्रकारांनी गोठतं. त्यातला एकच प्रकार आपल्याला हवा असतो. तो चकचकीत दिसतो, मोडताना टक् वाजतो आणि चौतिसाच्या आसपास, म्हणजे तोंडात गेल्यावर वितळतो. नुसतं वितळवून गार केलं तर इतर प्रकार मिसळतात, चॉकलेट मऊ राहतं आणि काही दिवसांत चरबी वर येऊन पांढरी दिसते. हवा तो प्रकार मिळवण्यासाठी चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवून, गार करून, पुन्हा किंचित तापवावं लागतं. याला टेंपरिंग म्हणतात. तेहतीस अंशांच्या खोलीत ते करताच येत नाही, कारण चॉकलेट गोठायलाच तयार नसतं.

कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. त्याला टेंपरिंग लागत नाही. मला आधी ते कमअस्सल वाटत होतं. मग जुन्या फोटोंत खोक्यावरची घटकांची यादी वाचली. त्यातही पाम तेल होतं. म्हणजे लेकीला आठवणारी चव तशाच लेपाची होती. त्यामुळे मनातली अढी गेली.

कंपाउंडची रीत सोपी आहे. डार्क कंपाउंड बारीक चिरून वाफेवर वितळवा. पातेल्याचा तळ खालच्या पाण्याला टेकू देऊ नका. किंवा मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंदांनी ढवळत वितळवा. विस्तवावरून उतरवल्यावर पेपरमिंट तेल घाला. फार घट्ट वाटलं तर एक चमचा साधं वास नसलेलं तेल चालतं. बिस्किट पूर्ण गार असायला हवं. काट्यावर घेऊन बुडवा, वर उचला, काटा भांड्याच्या कडेवर दोनदा आपटा म्हणजे जादा लेप गळून जातो, आणि बटर पेपरवर सरकवा. पाच-सात मिनिटं फ्रीजमध्ये, त्याहून जास्त नाही. पन्नास बिस्किटांना तीनशे ग्रॅमच्या आसपास लेप लागतो, पण बुडवायला खोली हवी म्हणून चारशे ग्रॅम घ्या. उरलेल्यात भाजलेले शेंगदाणे घोळवा.

ही बिस्किटं चकचकीत झाली. टाळूला थोडा मेणचटपणा जाणवतो, हे मान्य करते. गार खाल्ली की तो कमी जाणवतो. लेकीने दोन खाल्ली आणि तिसरं उचललं. मला बरं वाटलं.

घरातल्या सगळ्यांना मात्र ती आवडली नाहीत. सासरे म्हणाले, "टूथपेस्ट खाल्ल्यासारखं वाटतं." चॉकलेटबरोबर पेपरमिंटची सवय नसेल तर अनेकांना असंच वाटतं. त्यांच्यासाठी मी थेंब निम्मे केले आणि बिस्किटात चिमूटभर कॉफी घातली. ती त्यांना चालली. पाहुण्यांसाठी करणार असाल तर थंडावा कमीच ठेवा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि वेगळीच कटकट उभी राहिली. उकाडा कमी झाला, पण हवेत दमटपणा आला. सकाळी भाजलेली बिस्किटं संध्याकाळी लेप द्यायला घेतली तर सादळलेली. लेपाखाली मऊ बिस्किट गेलं की ते मऊच राहतं. शिवाय फ्रीजमधून काढल्यावर पृष्ठभागावर पाणी धरायचं. ते सुकलं की पुन्हा पांढरा थर दिसायचा.

हा पांढरा थर आणि उन्हाळ्यातले पट्टे वेगळे. बोटाने हलकेच चोळून बघा. चरबी वर आलेली असेल तर बोटाच्या उबेने ती विरघळते. साखर वर आलेली असेल तर खरखरीत लागते आणि जात नाही. दव लेपावरची साखर विरघळवतं, पाणी उडून गेलं की साखरेचे कण मागे राहतात. दोन्ही खायला निर्धोक असतात, फक्त दिसायला आणि जिभेला चांगले लागत नाहीत.

पावसाळ्यात तीन गोष्टींनी काम झालं. एक, भाजून गार झाली की बिस्किटं लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. दोन, सादळलीच तर १५० अंशांवर चार-पाच मिनिटं पुन्हा तापवून, पूर्ण गार करून मग लेप. तीन, फ्रीजमधून काढलेला डबा अर्धा-पाऊण तास उघडायचा नाही. दव डब्याच्या बाहेर धरतं, आतली बिस्किटं कोरडी राहतात. ही तिसरी गोष्ट आधी माहीत असती तर एक अख्खा डबा वाचला असता. फ्रीजमधल्या लसणाचा आणि कांद्याचा वास चॉकलेट पटकन ओढून घेतं, तेव्हा डबा खरोखर घट्ट हवा.

दिवाळीनंतर थंडी पडली. डिसेंबरमध्ये संध्याकाळी घरात बावीस-तेवीस अंश असायचे. तेव्हा खऱ्या चॉकलेटचं पुन्हा मनावर घेतलं. काकूंनी त्यांचा थर्मामीटर दिला. त्याच्याशिवाय हे करू नका, अंदाजाने जमत नाही.

४०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरलं. त्यातलं एक तृतीयांश बाजूला ठेवलं. उरलेलं वाफेवर ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवलं. पातेलं उतरवून त्याचा तळ कोरड्या फडक्याने पुसला, म्हणजे पाण्याचा थेंब आत जायला नको. मग बाजूला ठेवलेलं चॉकलेट मूठ-मूठ घालत ढवळत राहिले. न वितळलेल्या चॉकलेटमध्ये हवा तो प्रकार आधीच असतो, दह्याला विरजण लावावं तसं ते बाकीच्याला वळण लावतं. पारा २८ पर्यंत उतरला की पातेलं पुन्हा काही सेकंद वाफेवर धरायचं आणि ३१ ते ३२ वर आणायचं. तेहतिसाच्या वर गेलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मिल्क चॉकलेट असेल तर शेवटचा आकडा २९ ते ३० ठेवा. पेपरमिंट तेल मी शेवटी घातलं.

बुडवण्याआधी परीक्षा घ्या. सुरीच्या पात्यावर थोडं चॉकलेट फासा आणि बाजूला ठेवा. पाच मिनिटांत ते चकचकीत आणि कोरडं झालं तर जमलं. डागाळ किंवा ओलं राहिलं तर पुन्हा थोडं चिरलेलं चॉकलेट घालून ढवळा. काम चालू असताना चॉकलेट गार होतं, म्हणून पातेल्याखाली अधूनमधून कोमट, कोरडं फडकं ठेवायचं.

त्या संध्याकाळी बुडवण्याचं काम लेकीने केलं. मी पारा बघत होते. फ्रीज लागलाच नाही. टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत बिस्किटं घट्ट झाली. तिने एक मोडलं, टक् आवाज आला. "हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने इथल्या वर्गातल्या मुलींना डबा नेला. डबा रिकामा आला आणि दोघी जणी शिकायला घरी आल्या. इतके महिने मला जी काळजी वाटत होती, ती त्या दिवशी जरा हलकी झाली.

आता आमच्या घरात पद्धत ठरली आहे. मार्च ते ऑक्टोबर कंपाउंड, नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरं चॉकलेट. उन्हाळ्यात खरंच हवं असेल तर झोपायच्या खोलीत एसी बावीसवर लावून, तिथेच स्टूलवर सगळं मांडून करता येतं. काकू तसंच करतात. मुंबई-कोकणात दमटपणा वर्षभर असतो, तिथे एसी चालू असलेली खोलीच बरी.

बिस्किटं आणि लेप एकाच दिवशी करू नका. आदल्या दिवशी भाजून डब्यात भरा, दुसऱ्या दिवशी ताज्या दमाने लेप द्या. सुरू करण्याआधी पातेलं, चमचा, काटा, हात, सगळं कोरडं आहे ना ते बघा. तयार बिस्किटं थरांमध्ये बटर पेपर घालून गार जागी ठेवली तर दोन आठवडे चांगली राहतात, फ्रीझरमध्ये दोन महिने. आणि पहिल्यांदा करत असाल तर निम्म्या प्रमाणात, थंडीच्या दिवसांत, कंपाउंडवर हात बसवा. मग खऱ्या चॉकलेटकडे वळा.